एकाच घरात जाणारे दोन पगार

५ मार्च, गुरुवार

अजून केसांतून चुना निघतोय. दोनदा धुतले तरी. आज दिवसभर चिंचपोकळीच्या त्या चाळीत होते. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे जुनी इमारत आणखी किती तग धरेल ते बघायचं. माळ्यावर पोटावर सरपटत जाऊन तुळया ठोकून पाहिल्या. खाली उतरले तेव्हा एका आजींनी पाणी दिलं आणि विचारलं, साहेब कधी येणार? म्हटलं, आजी, साहेब मीच. त्या हसल्या. मीही हसले. काय करणार!

खरे साहेब, म्हणजे माझा नवरा अवधूत, लोअर परळच्या ऑफिसात होता. एसीत. त्याची पाठ दुखते. आम्ही दोघं एकाच फर्ममध्ये, एकाच वर्षी लागलेले, एकाच कॉलेजचे. मार्क माझे जास्त होते, पण लग्नानंतर तो विषय मी सोडून दिला.

तर संध्याकाळी आकांक्षा माझ्या टेबलापाशी आली. नवी मुलगी, नुकती इंजिनीअर झालेली, सध्या माझ्याबरोबर साइटवर येते. मॅम, साइट भत्ता कसा मागायचा? मी विचारलं, कसला भत्ता? तर म्हणे साइटवर जाणाऱ्यांना पगाराबरोबर मिळतो तो, अवधूत सरांना मिळतो ना! ती अकाउंट्समध्ये विचारून आली होती. तिथे तिला सांगितलं, लेडीज स्टाफला लागू नाही. लेडीज साइटवर जात नाहीत. मालकांच्या वडिलांच्या काळचा नियम आहे.

मी माझ्या कपड्यांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत धूळ, कोपराला खरचटलेलं. पण मी साइटवर जात नाही!

अवधूतचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे हे मला माहीत होतंच. तो टीम लीड आहे म्हणून, असं समजून चालले होते. लीड झाल्याचे पेढे सगळ्या बिल्डिंगमध्ये मीच वाटले होते. पण साइटवर न जाणाऱ्याला जाण्याचे पैसे मिळतात आणि जाणारीला मिळत नाहीत, हे नवीन.

जेवताना विचारलं त्याला. म्हणाला, अगं, पैसे एकाच घरात येतात ना? आणि आमटी वाढून घेतली.

एकाच घरात येतात, खरंय. त्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जातो. फ्लॅट त्याच्या आणि सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या नावावर. माझ्या पगारातून दूध, भाजी, मुलीची, मनवाची शाळा, तात्यांची औषधं. म्हणजे त्याच्या पगाराचं घर झालं आणि माझ्या पगाराचं जेवण. जेवण सकाळपर्यंत पचून जातं.

६ मार्च, शुक्रवार

महिला दिन ऑफिसात आजच उरकला. खरा दिवस रविवारी येतो, आणि सुट्टीच्या दिवशी स्त्रियांचा गौरव करणं फर्मला परवडत नाही.

गुलाबी फुगे, गुलाबी केक, आणि प्रत्येकीला भेट म्हणून भाजी चिरायचं यंत्र. दोरी ओढली की कांदा बारीक. आमचे मालक जगदीश सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, आमच्या भगिनी म्हणजे या फर्मचा पाया. इंजिनीअर माणूस, चुकून खरं बोलून गेला. पाया जमिनीखाली असतो, कुणाला दिसत नाही, आणि सगळ्यांचं वजन त्याच्यावर.

आभार मानायचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, साइटवर न जाणाऱ्या आम्हा सर्व स्त्रियांच्या वतीने मी सरांचे आभार मानते. टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या. हसली फक्त आकांक्षा.

८ मार्च, रविवार

आज खरा महिला दिन. अवधूतने सकाळचा चहा केला. दिवसभर ज्याचा फोन आला त्याला ते सांगितलं.

११ मार्च, बुधवार

गेले जगदीश सरांकडे. वेळ मागून, रीतसर. त्यांनी चहा मागवला, बसा म्हणाले, अत्यंत सभ्यपणे वागले. मी भत्त्याचं विचारलं. नियम जुना आहे, बघू, म्हणाले. मग मी पगाराचंच काढलं. काम मी तेच करते, गेली दोन-तीन वर्षं तर जास्तच करते, मग फरक एवढा का?

सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, तो राजेश बघा, एकट्याच्या पगारावर अख्खं कुटुंब. "तुमच्या घरी दोन पगार जातात, मृणालिनी. थोडं समजून घ्या."

मी म्हटलं, आपला मयूर आईवडिलांबरोबर राहतो. ते दोघंही नोकरी करतात. त्याच्या घरी तर तीन पगार जातात, त्याचा कमी करणार का? सर मनापासून हसले. म्हणाले, तुमचा हा स्वभाव मला आवडतो.

एवढ्यावर उठले असते तर बरं झालं असतं. पण सरांना माझी समजूत काढायची होती. म्हणाले, तुमच्या कामाची आम्हाला कदर नाही असं नाही. तीन वर्षांपूर्वी टीम लीड करायचं ठरलं तेव्हा आधी तुमचंच नाव होतं. पण अवधूतला विचारलं. तो म्हणाला, तिला घर आहे, मुलगी लहान आहे, तिच्यावर आणखी लोड नको.

हे सगळं मला ठाऊक असेल, असंच त्यांना वाटत होतं. अगदी सहज सांगून टाकलं.

सर म्हणाले, चहा गार होतोय.

माझी मुलगी लहान होती. त्याची बहुतेक मोठी होती.

१२ मार्च

अवधूत म्हणाला, आज शांत शांत आहेस, बरं वाटतंय.

१५ मार्च, रविवार

मनवा तबल्याच्या क्लासला गेली आणि मी विषय काढला. सर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं.

आधी म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. मग म्हणाला, बोललो असेन, पण तुझ्याच भल्यासाठी. मग म्हणाला, तेव्हा तू किती दमायचीस आठव. तिन्ही उत्तरं एका दमात. एक तरी लागू पडेल अशा बेताने.

तात्या पेपर वाचत होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, युनियनचे सेक्रेटरी होते, संपाच्या आठवणी आम्हाला पाठ आहेत. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. बोलले. म्हणाले, हे काही युनियनचं प्रकरण नव्हे, घरातली गोष्ट आहे. आणि पान उलटलं.

मी अवधूतला म्हटलं, "दमायचे मी. पण मग मला विचारायचं होतंस."

तो खिडकीकडे वळला. हिंदमाता चौकाच्या बाजूने कुणाची तरी वरात वाजत चालली होती. मग हळूच म्हणाला, "तू हो म्हणाली असतीस तर? मग माझं काय राहिलं असतं?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. राग आला होताच, पण त्याच्याकडे बघून वाईटही वाटलं. कॉलेजात परीक्षेच्या आधी असाच चेहरा करायचा. मी उठून चहा टाकला. तात्यांसाठी नाही टाकला.

१६ मार्च, सोमवार

आजपासून नियमाने वागायचं ठरवलं. जगदीश सरांना सांगून आले. लेडीज साइटवर जात नाहीत असा फर्मचा नियम आहे, तो इतके दिवस माझ्याकडून मोडला जात होता, क्षमस्व. त्यांना ती गंमत वाटली.

दुपारी भायखळ्याच्या साइटवरून गाडी कुठे अडली म्हणून फोन आला. मी एसीत बसून पेरू खात होते. आकांक्षाही शेजारी. ती म्हणाली, मॅम, थंडी वाजते हो इथे!

१९ मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड विकत आणलं. तात्या म्हणाले, घरच्याची चव वेगळी. म्हटलं, हो ना, आणि विकतच्याला चक्का बांधायचा जोर लागत नाही.

२४ मार्च, मंगळवार

चिंचपोकळीच्या चाळीचं उरलेलं काम करायला अखेर अवधूतला जावं लागलं. हेल्मेट सापडेना. मग सापडलं, तर पट्टा बसेना. इतक्या दिवसांत डोकं वाढलं असावं.

संध्याकाळी आला तो थेट पलंगावर. पाठीला शेकायची पिशवी, पायाखाली उशी. तात्या त्याच्या उशाशी बसून विचारत होते, फार चढावं लागलं का रे? मी पाच तारखेला घरी आले होते तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, कुकर लावलास का?

२६ मार्च, गुरुवार

अण्णांचा फोन आला. चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष, मालवणकडचे, गिरणीत हयात गेलेली. म्हणाले, "म्याडम, तुमचो साहेब इलो हुतो. चाय प्यालो, खालसून बघल्यान आनि गेलो. मागची गॅलरी बघूकच नाय."

मी गेले होते तेव्हा पुढची बाजू आणि माळा झाला होता. मागची गॅलरी पुढच्या खेपेला ठेवली होती. ती खेप म्हणजे अवधूतची.

त्याच्या टेबलापाशी गेले. रिपोर्ट तयार होता, उद्या सकाळी द्यायचा. त्यात लिहिलेलं, सर्व गॅलऱ्या समाधानकारक. मी विचारलं, मागची पाहिलीस? म्हणाला, पुढची चांगली आहे ना, एकाच वेळी बांधल्यात, मागचीही तशीच असणार. आणि पाठ अशी भरून आली होती की दुसरा जिना चढवेना.

मी म्हटलं, हा रिपोर्ट जाणार नाही. त्याने वाद घातला नाही.

मागच्या गॅलरीतून संडासाकडे जायची वाट आहे. म्हणजे सगळा मजला दिवसभर तिथून ये-जा करतो. मी ऑफिसात पेरू खात बसले होते ते ठीक होतं, पण नियम करणारे जगदीश सर आणि त्या गॅलरीतून जाणारे अण्णा, हे दोन वेगळे लोक आहेत. माझं भांडण अण्णांशी नाही.

२७ मार्च, शुक्रवार

रजा टाकून गेले. कामावर जाण्यासाठी रजा टाकणारी मी पहिलीच असेन. आकांक्षाही आली. तिला मी सांगितलं नव्हतं.

गॅलरीखालचे लोखंडी आधार नुसत्या हाताने खरवडले तर गंजाचे पापुद्रे सुटून आले, पापडासारखे. एका ठिकाणी आकांक्षाने हातोडी मारली आणि भोकच पडलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, हळू मागे हो, कडेने चल.

गॅलरी तेव्हाच्या तेव्हा बंद करा म्हटल्यावर कल्लोळ झाला. वरच्या लोकांनी आता खाली उतरून खालचे संडास वापरायचे. एक बाई माझ्यावर तुटून पडल्या. त्यांच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांनी जिने चढायचे-उतरायचे? परवाचे साहेब काही बोलले नाहीत, तुम्हीच कशा सांगता? मला परवाच्या साहेबांबद्दल काही बोलता येईना. एवढंच म्हटलं, सासूबाईंना खाली कुणाच्या तरी खोलीत झोपवा, पण या गॅलरीत पाय ठेवू देऊ नका.

अण्णा फळ्या घेऊन आले आणि दोन्ही टोकांना ठोकायला लागले. त्यांनी ठोकल्या म्हणून बाकीच्यांनी ऐकलं. खाली टेकू लावायला माणसं सोमवारी येतो म्हणाली.

३० मार्च, सोमवार

टेकू लागायच्या आत गॅलरी पडली. दुपारी. आख्खी.

कुणीही नव्हतं तिच्यावर. खालचं अंगणही अण्णांनी मोकळं ठेवलं होतं.

अण्णांनी फोन केला. नुसतं म्याडम, म्याडम. मी तशीच निघाले. मागच्या अंगणात ढिगारा, धूळ अजून बसायची होती. त्या सासूबाई खालच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांची सून त्यांच्या पायाशी. सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. मीही जिन्याच्या पायरीवर बसले.

थोड्या वेळाने अवधूत आला. ढिगाऱ्यासमोर उभा राहिला. "तो रिपोर्ट गेला असता तर," एवढंच म्हणाला.

टॅक्सीत मी त्याचा हात धरून बसले, थंडगार होता. हेही लिहून ठेवते. नाहीतर पुढे कधी वाचताना मलाच वाटायचं की मी नुसती कजाग होते.

१ एप्रिल, बुधवार

पेपरात आलं. फर्मच्या तज्ज्ञ अभियंत्याने वेळीच ओळखलेला धोका. ‘त्यांनी तातडीने पाहणी केली.’ शेजारी फोटो जगदीश सरांचा. हेल्मेट घातलेला, ऑफिसच्या लॉबीत काढलेला.

सरांनी केबिनमध्ये बोलावून कौतुक केलं. म्हणाले, रजा टाकून गेलात, भत्ता नाही, काही नाही! मला माहीतच होतं, तुम्ही पैशासाठी काम करत नाही. म्हणून तर तुम्ही वेगळ्या आहात.

मी म्हटलं, सर, मी पैशासाठीच काम करते. त्या दिवशी मी माणसांसाठी गेले होते. या दोन गोष्टींची सांगड घालून मला स्वस्तात वापरू नका.

म्हणाले, बोर्डापुढे ठेवतो. बोर्ड म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

१० एप्रिल, शुक्रवार

बोर्डाने निर्णय घेतला. फर्म स्त्री-पुरुष समानतेला बांधील आहे. त्यामुळे साइट भत्ता यापुढे कुणालाच मिळणार नाही.

झाली समानता. इतकी सोपी होती! उगाच जगभर बायका भांडत बसल्यात.

अवधूत घरी आला तो लालबुंद. बूट काढायच्या आधीच सुरू झाला. हा सरळसरळ अन्याय आहे, मेहनतीचा पैसा आहे, असं कसं कुणी काढून घेऊ शकतं? एकाच माणसाच्या लहरीवर? मी त्याला पाणी दिलं. तात्या तर पेपर टाकून उठलेच. म्हणाले, हे असं सोडता कामा नये, लढायलाच हवं, चार जणांना जमव, मी मसुदा सांगतो. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पहिल्यांदाच पाहिलं.

मनवाने विचारलं, बाबा, आईचा भत्ता पण गेला का? मी म्हटलं, नाही गं, माझा शाबूत आहे. नसलेला कोण नेणार?

१२ एप्रिल, रविवार

बापलेकांनी मिळून अर्ज लिहिला. अवधूत माझ्याकडे घेऊन आला, तू छान लिहितेस, जरा भाषा बघ. आपण दोघांनी मिळून गेलं तर वजन पडेल, म्हणाला.

मी वाचला. चांगला होता. कष्ट, जोखीम, चाळींचे अंधारे जिने, सगळं होतं. माझेच जिने!

मी म्हटलं, सही करते. फक्त वर एक वाक्य घाल, गेली तीन वर्षं हा भत्ता मी घेतला आणि साइटवर माझी बायको गेली.

त्याने लॅपटॉप उघडला. टाइप करायला बोटं ठेवली. मला खरंच वाटलं, घालेल. त्यालाही वाटलं असावं. मग म्हणाला, हे असं लेखी गेलं तर सर माझी लीडशिप काढतील.

लॅपटॉप मिटला.

१६ एप्रिल, गुरुवार

आकांक्षा म्हणाली, मॅम, तुम्ही इथे का राहता? मी म्हटलं, घरापासून जवळ आहे. ऐकायला इतकं वाईट वाटलं की डबा उघडलाच नाही.

२१ एप्रिल

काही नाही. उकाडा. अवधूत साइटवर गेला नाही, मीही गेले नाही. मयूर जातो बिचारा, समानतेने, फुकट.

४ मे, सोमवार

राजीनामा दिला. पुढच्या महिन्यापासून दादरच्या एका फर्ममध्ये, ऑडिट विभाग माझ्याकडे. इंटरव्ह्यू कधी दिला ते घरात कुणाला माहीत नव्हतं. पगारासाठी खातंही नवीन उघडलं, एकटीच्या नावाचं.

जेवताना सांगितलं. तात्यांचा घास हातातच राहिला. अवधूत म्हणाला, अरे वा, अभिनंदन! आणि मग अगदी सहज विचारलं, "किती देतायत?"

मी नाही सांगितलं.